नदी, गाव आणि घराणे : जर्मनीत एकच नाव नेमके कोणी कोणाला दिले?

माइनकाठचा

सप्रेम नमस्कार. नोकरीनिमित्त जर्मनीत राहायला आल्यापासून नकाशा वाचण्याचा छंद जडला आहे, आणि त्यातूनच हा प्रश्न पुढे आला. येथे एकच नाव नदीला, तिच्या काठच्या गावाला आणि त्या गावाशी नाते सांगणाऱ्या घराण्यालाही असल्याची उदाहरणे पावलोपावली भेटतात. फुल्डा नदीच्या काठी फुल्डा शहर आहे, नागोल्डच्या काठी नागोल्ड आहे, बव्हेरियाच्या जंगलपट्ट्यात रेगेन नदीवर रेगेन नावाचे गाव आहे आणि तीच नदी पुढे डॅन्यूबला मिळते त्या ठिकाणी रेगेन्सबुर्ग आहे. लिप्पे या नावाची तर नदीही आहे, जिल्हाही आहे आणि राजघराणेही आहे.

माझा तर्क असा की क्रम नेहमी एकच असावा : आधी नदी, मग गाव, मग घराणे. नदीला नाव देण्याची गरज माणसाला गाव वसवण्याच्या आधीच पडते, आणि आडनावे तर युरोपात फार उशिरा स्थिर झाली. हा क्रम मोडणारी उदाहरणे कोणाला ठाऊक असल्यास ती कृपया येथे मांडावीत. केवळ नामसाम्याची यादी नको. कोणाचे नाव कोणाकडून आले, हे सांगता आले तर अधिक बरे.

रेवती_ब

फुल्डाच्या बाबतीत तुमचा क्रम बरोबर आहे. ७४४ मध्ये ख्रिस्ती धर्मप्रचारक बोनिफेसचा शिष्य स्टुर्मियस याने तेथे मठ स्थापन केला, त्या मठाला नदीचे नाव मिळाले आणि मठाभोवती जे शहर वाढले त्यालाही तेच चिकटले. बोलताना घोटाळा मात्र होत नाही. जर्मन माणूस या नदीच्या नावाआधी 'डी' हे स्त्रीलिंगी उपपद लावतो आणि शहराच्या नावाआधी काहीच लावत नाही, त्यामुळे 'डी फुल्डा फुल्डातून वाहते' हे वाक्य तेथील शाळकरी मुलालाही खटकत नाही.

तळटीप

क्रम बरोबर असेलही, परंतु त्यात एक गृहीतक लपलेले आहे : सारख्या नावाची नदी आणि गाव एकाच ठिकाणी असतात, हे. थुरिंगियात या, म्हणजे ते गृहीतक तासाभरात गळून पडेल. गेरा नावाचे मोठे शहर गेरा नदीवर नाही. ते वाइसे एल्स्टर नदीवर आहे. आणि गेरा नदी वाहते ती एरफुर्ट शहरातून, तेथून बऱ्याच अंतरावर.

इल्मेनाउचे प्रकरण याहून मजेदार आहे. थुरिंगियातील इल्मेनाउ हे गाव इल्म नदीवर आहे आणि तिथवर सारे सुरळीत आहे. पण इल्मेनाउ नावाची एक स्वतंत्र नदीही आहे, आणि ती उत्तरेत ल्युनेबुर्ग शहरातून वाहत जाऊन एल्बेला मिळते. शिवाय बव्हेरियात आणखी एक इल्म आहे, जिच्या काठी फाफेनहोफेन आहे. आता सांगा, 'इल्मेनाउच्या काठी' असे कोणी म्हटले तर गाडी कोणत्या दिशेची पकडायची?

अक्षरशत्रू

ज्या गाडीत इल्मेनाउचा माणूस बसलेला नसेल ती.

दस्तऐवज

धागाकर्त्यांनी लिप्पेचा उल्लेख केलाच आहे, तर ते उदाहरण थोडे उलगडून पाहू, कारण त्यात नदी, गाव, घराणे आणि प्रदेश ही चारही पात्रे आहेत.

लिप्पे नदी बाड लिप्सप्रिंगे येथे, जुन्या गढीच्या भग्नावशेषांजवळच्या एका तळ्यातून उगम पावते. त्या निळसर झऱ्याला लोक ओडिनचा डोळा म्हणतात. तेथून ती पश्चिमेकडे वाहत जाऊन वेझेल येथे ऱ्हाइनला मिळते. रोमन लेखकांना ती 'लुपिया' या नावाने माहीत होती आणि त्यांचे सैन्य तिच्या काठाने जर्मनीच्या अंतर्भागात शिरत असे, म्हणजे नदीचे नाव किमान दोन हजार वर्षांचे आहे. लिप्पेचे सरदार कागदोपत्री भेटतात ते बाराव्या शतकात. त्यांच्यातील दुसऱ्या बर्नहार्डने ११८५ मध्ये नदीकाठी लिपश्टाट वसवले. येथवर आपला क्रम जवळपास टिकतो. फरक इतकाच की घराणे गावाच्या आधी आले.

पुढे घराण्याचा जम उत्तरेला लेमगो आणि डेटमोल्ड या बाजूला बसला. नदीकाठच्या लिपश्टाटवरील सत्तेत दुसऱ्यांचा वाटा शिरला आणि १८५० मध्ये ते पूर्णपणे प्रशियाकडे गेले. घराण्याने स्वतःचे नाव मात्र सोडले नाही. ज्या डोंगराळ मुलखावर ते राज्य करीत होते त्यालाच लोक लिप्पे म्हणू लागले. १७८९ मध्ये ती रियासत झाली, १९१८ नंतर स्वतंत्र राज्य झाले, आणि १९४७ मध्ये ते नोर्डऱ्हाइन-वेस्टफालेन या राज्यात विलीन झाले. त्या राज्याच्या चिन्हात आजही ऱ्हाइनचा प्रवाह आणि वेस्टफालेनचा घोडा यांच्या जोडीला लिप्पेचा गुलाब आहे.

परिणाम असा की आजच्या लिप्पे जिल्ह्यातून लिप्पे नदी वाहत नाही. तिचा उगम शेजारच्या पाडरबोर्न जिल्ह्यात आहे आणि लिपश्टाट झोएस्ट जिल्ह्यात आहे. म्हणजे येथे नदीने घराण्याला नाव दिले, घराण्याने ते उचलून दुसरीकडे नेले आणि ज्या भूमीला दिले तिला त्या नदीचे पाणीही लागलेले नाही.

कोकणकडा

राजघराण्याला नदीचे पाणी नको होते, नुसते नाव हवे होते, असे दिसते. उत्तम प्रतिसाद.

माइनकाठचा

दस्तऐवज, मनःपूर्वक आभार. एक शंका आहे. राजेशाही १९१८ मध्ये संपली, तर मग आज वर्तमानपत्रांत 'प्रिन्स त्सुर लिप्पे' अशी नावे कशी दिसतात?

दस्तऐवज

१९१९ च्या वायमार राज्यघटनेने सरदारकीचे विशेषाधिकार रद्द केले, परंतु पदवी हा नावाचाच भाग ठरवला. त्यामुळे 'प्रिन्स' हे आज कायद्याच्या दृष्टीने आडनावातले एक अक्षरबंध आहे, अधिकार नाही. त्यामागोमाग नदीचे नाव येते, आणि अशा रीतीने एखादा सामान्य करदाता नागरिक स्वतःच्या सहीत राजपद व नदी अशी दोन्ही बाळगून असतो.

शर्मिष्ठा_ह

राजघराण्यांचे झाले, सामान्य लोकांच्या आडनावांकडे वळू या. तेथे गावाच्या नावाला 'अर' हा प्रत्यय लागतो, आपल्याकडे 'कर' लागतो तसा. आडेनाउ हे आयफेल डोंगरांतले छोटे गाव, त्यावरून आडेनाउअर हे आडनाव, आणि पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर. ओपेनहाइम हे माइन्झ आणि वोर्म्स यांच्या मधले ऱ्हाइनकाठचे गाव, त्यावरून ओपेनहाइमर. बाड किसिंगेन हे फ्रँकोनियन झाले नदीवरचे गाव, त्यावरून किसिंजर. हेन्री किसिंजर यांचे एक पूर्वज मायर ल्योब यांनी १८१७ मध्ये हे आडनाव घेतले. त्याच्या थोडे आधी, १८१३ मध्ये, बव्हेरियाने ज्यू प्रजेला कायमचे कौटुंबिक आडनाव घेणे सक्तीचे केले होते.

याच काळातला विरोधाभास पाहा. नेपोलियनच्या १८०८ च्या हुकुमाने त्याच्या ताब्यातील प्रदेशांत, म्हणजे ऱ्हाइनच्या डाव्या काठावरही, ज्यू कुटुंबांना आडनाव घेण्याची सक्ती केली. परंतु नव्याने आडनाव निवडताना शहराचे नाव घेण्यास मनाई केली. ज्यांचे तसे नाव आधीपासून रूढ होते त्यांना ते ठेवता आले. म्हणजे गावाचे नाव आडनावात आले की नाही, हे कुटुंब नदीच्या कोणत्या काठावर राहत होते त्यावरही अवलंबून होते.

तळटीप

शर्मिष्ठाताई, प्रतिसाद आवडला, मात्र 'अर' दिसला की गाव शोधायला निघू नये, इतके सांगणे आवश्यक वाटते. म्युलर म्हणजे पिठाच्या गिरणीवाला आणि फिशर म्हणजे मासेमार; त्यांचे गाव नकाशावर सापडणार नाही. रोथशिल्ड हे नाव फ्रांकफुर्टच्या ज्यू गल्लीतील एका घरावरच्या लाल ढालीच्या खुणेवरून आले आहे. आणि गाव खरोखर सापडले तरी ते जन्मगाव असेलच असे नाही. अणुशास्त्रज्ञ रॉबर्ट ओपेनहाइमर यांचे आडनाव ओपेनहाइमचे, पण त्यांचे वडील अमेरिकेला गेले ते हानाउहून. गाव सोडून दुसरीकडे गेल्यावरच माणसाला त्या गावाच्या नावाने हाक मारण्याची सोय होते. ओपेनहाइममध्ये राहणाऱ्या प्रत्येकालाच ओपेनहाइमर म्हटले असते तर टपालवाल्याने काय करायचे?

प्रवासी_पक्षी

हे 'अर' आणि 'कर' यांचे फारच पटले. आमच्या शेजारी राहणाऱ्या जर्मन आजोबांना मी हे समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी लगेच विचारले की मग तुमच्या गावात तुमच्या आडनावाचे किती लोक उरले आहेत. उत्तर देणे अवघड गेले.

वाळूघड्याळ

धागाकर्त्यांनी क्रम मोडणारी उदाहरणे मागितली आहेत, तर दोन देतो. दोन्ही ऱ्हाइनलगतच्या मुलखातली आहेत.

पहिले लेव्हरकुझेन. कार्ल लेव्हरकुस नावाच्या औषधनिर्मात्याने १८६० च्या सुमारास ऱ्हाइनकाठी वीसडोर्फ येथे निळ्या रंगद्रव्याचा कारखाना काढला आणि कामगारांच्या वसाहतीला लेव्हरकुझेन असे नाव दिले. हे नाव त्याच्या घराण्याच्या मूळ ठिकाणाचे होते. रेमशाइडजवळच्या लेनेप भागात त्या नावाची एक वाडी होती आणि घराण्याचे आडनाव तिच्यावरूनच पडलेले होते. पुढे १८९१ मध्ये तो कारखाना बायर कंपनीने घेतला आणि १९३० मध्ये आसपासच्या गावांसह झालेल्या शहराचे अधिकृत नाव लेव्हरकुझेन ठरले. म्हणजे वाडीवरून घराणे, घराण्यावरून शहर, आणि नदीचा यात काडीचाही संबंध नाही. आज ती मूळ वाडी कोणाला माहीत नाही. शहराचा फुटबॉल संघ मात्र सगळ्यांना माहीत आहे.

दुसरे उदाहरण नेआंडरचे. योआखिम नेआंडर हे सतराव्या शतकातील धर्मोपदेशक आणि स्तोत्ररचनाकार. १६७४ ते १६७९ या काळात ते ड्युसेलडोर्फच्या लॅटिन शाळेचे प्रमुख होते आणि जवळच्या ड्युसेल नदीच्या खडकाळ घळीत त्यांचे जाणे-येणे असे. त्यांच्या कुटुंबाचे मूळ आडनाव नोयमान. आजोबांनी त्या काळच्या विद्वानांच्या रीतीप्रमाणे त्याचे ग्रीक रूप केले. पुढे एकोणिसाव्या शतकात त्या घळीला नेआंडरटाल म्हणू लागले. १८५६ मध्ये तेथील चुनखडीच्या खाणीत हाडे सापडली आणि १८६४ मध्ये विल्यम किंग यांनी त्या मानवजातीला नेआंडरथालचे नाव दिले. एका घराण्याचे आडनाव दरीला लागले आणि दरीवरून ते एका लुप्त मानवजातीला गेले. शेजारून वाहणाऱ्या ड्युसेलला आपल्याच दरीवर नाव मिळाले नाही. पण तिची तक्रार नसावी, कारण ऱ्हाइनसारख्या महानदीच्या काठी वसलेल्या राजधानीला तिने, एवढ्याशा ओढ्याने, स्वतःचे नाव दिले आहे.

रेवती_ब

त्याच पट्ट्यातील वुपरटाल राहिले. वुपर नदी जुनी, पण बार्मेन, एल्बरफेल्ड वगैरे गावे एकत्र करून झालेल्या शहराला नदीचे नाव मिळाले ते थेट १९३० मध्ये. दोन मोठ्या गावांपैकी एकाचे नाव ठेवले असते तर दुसरे रुसले असते, म्हणून नदीला मध्यस्थ केले असावे, असे मला नेहमी वाटते.

कोकणकडा

बाड एम्सचा उल्लेख अजून कोणी कसा केला नाही? १८७० मध्ये ज्या तारेवरून फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले ती 'एम्सची तार' तेथून निघालेली. राजा विल्हेल्म तेथे आरोग्यस्नानासाठी उतरला होता, तेथून बिस्मार्कला तार गेली, आणि बिस्मार्कने ती काटछाट करून अशी छापायला दिली की फ्रेंचांना तो अपमान वाटला. शाळेत हे वाचताना मी नकाशावर एम्स नदी शोधून तिच्या काठावर बोट ठेवले होते. बाड एम्स तेथे नाही. ते लान नदीवर आहे, कोब्लेन्झच्या जवळ. एम्स नदी उत्तर समुद्राला मिळते आणि तिच्या मुखाशी एम्डेन आहे.

मोटारींच्या नंबरपाट्यांनी या घोळावर कळस चढवला आहे. 'ई-एम-एस' ही अक्षरे असलेली गाडी एम्स नदीकाठची नसून बाड एम्स ज्या ऱ्हाइन-लान जिल्ह्यात आहे तेथली असते. नदीकाठच्या एम्सलांड जिल्ह्याला 'ई-एल' वर समाधान मानावे लागले.

जुनी_बखर

एम्डेनचे नाव निघाले आहे तर आपल्या देशाशी संबंधित एक गोष्ट नोंदवतो. जर्मन आरमाराच्या 'एम्डेन' या क्रूझरला त्या शहराचेच नाव दिलेले होते. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री तिने मद्रास बंदरावर तोफा डागल्या आणि तेलाच्या टाक्या पेटवल्या. कार्ल फॉन म्युलर हा तिचा कप्तान. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांजवळ ऑस्ट्रेलियाच्या 'सिडनी' या युद्धनौकेने तिला निकामी केले.

धाग्याच्या विषयाला धरून महत्त्वाचे ते पुढे आहे. तिच्या वाचलेल्या खलाशांना आपल्या आडनावाला 'एम्डेन' हे नाव जोडण्याची, आणि ते वंशपरंपरेने पुढे चालवण्याची, परवानगी मिळाली. म्हणजे शहराचे नाव जहाजाला आणि जहाजाचे नाव घराण्याला मिळाले. ज्याच्या आडनावाच्या शेवटी एम्डेन आहे त्याचे पूर्वज त्या गावात कधी गेलेही नसतील. ते हिंदी महासागरात होते.

शर्मिष्ठा_ह

तळटीप यांचे म्हणणे याहून चांगल्या रीतीने सिद्ध झाले नसते.

भारताशी संबंधित दुसरे नाव बाटेनबेर्ग. हेस राज्यातील एडर नदीवरचे हे लहानसे गाव. त्या नावाचे मध्ययुगीन सरदार घराणे केव्हाच नष्ट झाले होते. हेसचा राजपुत्र अलेक्झांडर याने १८५१ मध्ये युलिया हाउके हिच्याशी विवाह केला. ती राजकुळातील नसल्यामुळे तिला आणि मुलांना हेसच्या राजघराण्याचे नाव देता येईना, म्हणून हे पडून असलेले नाव त्यांना देण्यात आले. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जर्मन नावे नकोशी झाली, तेव्हा १९१७ मध्ये त्या घराण्याच्या तेथील शाखेने माउंटबॅटन असे इंग्रजी रूप घेतले. आपले शेवटचे व्हाइसरॉय त्याच शाखेतले.

अक्षरशत्रू

म्हणजे फाळणीच्या कागदांवर सही करणाऱ्याचे आडनाव एका अशा गावाचे, ज्याच्याशी त्याचा संबंध आजीच्या सासरच्या अडचणीपुरता होता.

दस्तऐवज

सीमारेषांचा विषय निघालाच आहे, तर नाइसेबद्दल लिहिणे भाग आहे. नामसाम्य नेहमीच गमतीचे नसते.

नाइसे नावाच्या नद्या एकाहून अधिक आहेत. ग्योर्लिट्झमधून वाहणारी लुझात्सियन, म्हणजे पश्चिम नाइसे, आणि तिच्या पूर्वेला ग्लाट्झची, म्हणजे पूर्व नाइसे. या दुसरीच्या काठी नाइसे नावाचे शहरही आहे, आजचे पोलंडमधील निसा. दोन्ही नद्या ओडरलाच मिळतात. युद्धानंतर पोलंडची पश्चिम सीमा ओडर आणि नाइसे यांच्या रेषेने जावी अशी बोलणी झाली, तेव्हा कोणती नाइसे हा केवळ भूगोलाचा प्रश्न नव्हता. दोन नद्यांच्या मध्ये लोअर सायलेशियाचा विस्तीर्ण मुलूख आणि तेथील लाखो रहिवासी होते. ब्रिटन आणि अमेरिका पूर्वेकडच्या नदीच्या बाजूचे होते आणि सोव्हिएत संघाचा आग्रह पश्चिमेकडच्या नदीचा होता. ऑगस्ट १९४५ च्या पॉट्सडॅम करारात अखेर 'पश्चिम नाइसे' असा स्पष्ट शब्द आला. त्या एका विशेषणाच्या पूर्वेला राहणाऱ्या जर्मनांना घरे सोडावी लागली. ग्योर्लिट्झ तर नदीवर दुभंगले. पूर्वेचा भाग आज पोलंडमधील झ्गोझेलेत्स आहे.

रेवती_ब

हे वाचल्यानंतर आमची विनोदबुद्धी थोडी आवरती घेते.

माइनकाठचा

सर्वांचे प्रतिसाद वाचून मूळ प्रश्नाकडे पुन्हा येतो. माझा क्रम प्राचीन नावांपुरता टिकतो, असे आता म्हणता येईल. लुपिया किंवा फुल्डा ही नावे नदीचीच, आणि भाषाशास्त्रज्ञ हान्स क्राहे यांनी तर युरोपातील कित्येक नदीनामे जर्मनिक भाषांच्याही आधीच्या थरातील असल्याचे मांडले होते. परंतु सरदार, कारखानदार आणि सरकारी कचेऱ्या यांच्या हाती नाव पडले की क्रमाला अर्थ उरत नाही.

एक उदाहरण मात्र कोणीच दिले नाही म्हणून देतो. हान म्युंडेन येथे वेरा आणि फुल्डा एकत्र येतात व तेथून पुढे नदीला वेझर म्हणतात. संगमावर १८९९ साली बसवलेली एक शिळा आहे. तिच्यावरील पद्यात म्हटले आहे की वेरा आणि फुल्डा जेथे एकमेकींचे चुंबन घेतात, तेथे दोघींनाही आपापली नावे गमवावी लागतात. मी ती शिळा पाहिली आहे. लोक तिच्यासमोर छायाचित्रे काढतात आणि दोन नद्यांचे वेगवेगळ्या रंगांचे पाणी न्याहाळतात. पद्य सुंदर असले तरी ते अर्धेच खरे आहे. वेरा आणि वेझर ही मुळात एकाच नावाची दोन रूपे आहेत, एक वरच्या जर्मन बोलीतले आणि एक उत्तरेकडील सखल प्रदेशातले. मध्ययुगात ती उगमापासून समुद्रापर्यंत एकच नदी मानली जात होती. नाव गमावले ते एकट्या फुल्डाने.

तळटीप

आणि सारखी दिसणारी नावे जिथे एक नसतात, तेही नोंदवून ठेवा. माइन्झ हे शहर माइन नदीच्या मुखासमोरच आहे, म्हणून नाव माइनवरून आले असावे असे कोणालाही वाटेल. पण त्याचे रोमन नाव मोगोन्तियाकुम हे मोगोन या केल्टिक देवतेवरून आल्याचे मानले जाते.

सासुरवाशीण

नमस्कार, या धाग्यावर प्रथमच लिहीत आहे. माझी सून जर्मन आहे आणि आम्ही दोघी मिळून तिच्या माहेरची वंशावळ तयार करीत आहोत. तिच्या खापरपणजोबांच्या विवाहाच्या नोंदीत जन्मस्थान म्हणून 'नोयश्टाट' एवढेच लिहिले आहे, पुढे काही नाही. विवाह १८६० च्या दशकातला आहे. हे कोणते नोयश्टाट, हे कसे ठरवावे?

अक्षरशत्रू

ताई, तुम्ही समुद्रात घागर बुडवली आहे. आयश नदीवर एक आहे, ओर्लावर एक आहे, डोसेवर एक आहे, वाल्डनाबवर एक आहे, आणि एक तर नदीऐवजी द्राक्षमळ्यांच्या रस्त्यावर आहे.

दस्तऐवज

धीर सोडू नका. सरकारी जन्म-विवाह नोंदणी प्रशियात १८७४ मध्ये आणि साऱ्या जर्मन साम्राज्यात १८७६ मध्ये सुरू झाली, त्यामुळे तुमच्याकडील नोंद बहुधा चर्चच्या वहीतील असणार. लिहिणाऱ्या पाद्र्याला जवळचे नोयश्टाट इतके परिचित असे की नदीचे नाव जोडण्याची त्याला गरज वाटत नसे. लांबचे असते तर त्याने प्रदेश किंवा राज्य लिहिले असते. म्हणून विवाह ज्या गावी झाला तेथून सुरुवात करा आणि एका दिवसाच्या पायी अंतरातील नोयश्टाट आधी पाहा. पंथ कॅथलिक की प्रोटेस्टंट, हेही पाहा. त्यावरून निम्मी गावे गळतील. साक्षीदारांची आडनावेही उतरवून घ्या, कारण साक्षीदार बहुतेक वेळा नातलगच असत आणि एखाद्याच्या नावापुढे त्याचे गाव पूर्ण लिहिलेले सापडते.

सासुरवाशीण

विवाह श्वाइनफुर्टजवळच्या एका खेड्यात झाला आहे आणि एका साक्षीदाराच्या नावापुढे 'अन डेर झाले', म्हणजे 'झाले नदीकाठचे', असे अस्पष्ट दिसते.

तळटीप

मग पाद्र्याने तुमचे काम निम्मे केले आहे. झाले नावाच्याही दोन नद्या आहेत. हाले शहरातून जाणारी एल्बेला मिळते, आणि किसिंजर यांच्या गावाची माइनला मिळते. श्वाइनफुर्टच्या उत्तरेला आहे ती ही दुसरी, आणि तिच्या काठी बाड नोयश्टाट आहे. तेथील चर्चच्या वह्यांपासून आरंभ करा.